इस्त्री ठेवायची, घासायची नाही

कोरड्या लेसला रंग लावला की तो पळतो. परवा दुपारी माझी नात ऋतुजा नेमकं तेच करत बसली होती.

निमगाव केतकीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत तिनं वर्तमानपत्र पसरलं होतं. पांढऱ्या सुती लेसचा गुंडा, रंगाच्या चार बाटल्या, बारीक ब्रश आणि तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. मोबाईलमधली बाई हसत हसत लेसची फुलं रंगवत होती. तिची फुलं फुलंच राहत होती. हिचा गुलाबी रंग पाकळीतून निघाला तो जाळीतून पळत थेट काठाला गेला. ब्लाउजच्या गळ्याला आणि बाह्यांना लावायची लेस होती, बारामतीतल्या कुणा मैत्रिणीची.

"आधी वली कर की," मी म्हटलं.

"काय?"

"लेस. पाण्यात बुडव, पिळ, फडक्यात दाबून काढ. दमट असतानाच लावायचा रंग. आन् त्यात डिंकाचं पाणी घाल जरा. नुसतं पाणी कशाला थांबतंय?"

"आजी, तुला कसं माहीत?"

मी मोरीकडं बोट दाखवलं. ती लेस घेऊन मोरीत गेली आणि भिजवायला म्हणून तिनं बाह्या वर सारल्या. एवढ्या उन्हाळ्यात पोरगी दोन दिवस लांब बाह्या घालून फिरत होती. दंडावर चार बोटं उमटली होती, मधे हिरवी, कडेनं पिवळी. आठवडा झालेला. मनगटावर एक जांभळा होता, तो दोन-तीन दिवसांचा. म्हणजे इथं यायच्या आदल्या दिवशीचा. हे मला कुणाला विचारावं लागत नाही. उसाकडं बघून काहींना त्याचं वय कळतं, तसे मला हे रंग कळतात.

"हातावरचा रंग साबणानं जाईल का?" मी विचारलं.

तिनं बाही खाली ओढली. ओल्या हातानं ओढली, बाही भिजली.

"पप्पांना सांगू नको."

"त्याला डोळं न्हाईत व्हय?"

पप्पा, म्हणजे माझा मुलगा सुरेश, अंगणात फोनवर बोलत होता. तिच्या नवऱ्याशीच. "या की निलेशराव, संध्याकाळी या. जेवूनच जावा दोघं." फोन ठेवून तो आत आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, तू मधी पडू नको. नवरा-बायकूत व्हतंच." सून, म्हणजे ऋतुजाची आई, स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. मिक्सर बंद झाला होता तरी तिला काही ऐकू येत नव्हतं.

तर असं होतं. संध्याकाळी तो येणार आणि ऋतुजा त्याच्या मोटारसायकलवर बसून बारामतीला परत जाणार. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी स्टूल ओढलं आणि माळ्यावरची इनॅमलची थाळी काढली. पांढरी, निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली. तिच्या तळाशी अजून डाग आहेत. गुलाबी, हिरवा, जांभळा, एकात एक गेलेले. पन्नासच्या वर वर्षं झाली, राखेनं घासली, लिंबानं घासली, गेले नाहीत. थाळीला नाक लावलं तर वास काहीच आला नाही. तरी मला आला.

मळीचा वास. भवानीनगरला साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तो वास यायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत जायचा नाही. गोड, आंबूस, घशाशी बसणारा. कपड्यांना, केसांना, उशीला, दुधाला. आभाळातून काळी पिसं पडायची. धुराड्यातून उडालेली चिपाडाची राख ती, पण पिसासारखी हलत यायची. वाळत घातलेल्या धुण्यावर बसायची आणि झटकायला गेलं की काळी रेघ ओढून जायची. फुंकर मारूनच उडवायची असते, हे मी तिथं शिकले.

सांगवीहून लग्न होऊन मी तिथं गेले तेव्हा सोळावं चालू होतं. शाळा चौथीपर्यंत. नवरा कारखान्यात गव्हाणीवर होता, जिथं उसाच्या मोळ्या आत ओढतात तिथं. आमची एक खोली, चाळीत मधली. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की बाकीच्या बायका चूल फुंकायला घ्यायच्या. मी आधी हातातल्या बांगड्या काढून डब्यात ठेवायचे. बांगडी फुटली तर काच मनगटात जाते आणि सुईनं काढावी लागते.

तो का मारायचा ते विचारू नका. ते शोधण्यात मी दोन-तीन वर्षं घालवली, हाती काही लागलं नाही. कशानं मारायचा ते सांगते. हातानं, पट्ट्यानं, पायताणानं, एकदा सायकलच्या पंपानं. पंपाचा आवाज मोठा, लागायचं कमी. पट्ट्याला आवाज नसायचा.

चाळीच्या टोकाच्या खोलीत लेसवाली बाई राहायची. नाव असणार तिला, पण कुणी घ्यायचं नाही. नवरा कारखान्यात कारकून होता, तो वारलेला. बाई उंच, हाडापेरानं मोठी, कपाळ मोकळं. सुताच्या लेस विणायची आणि हातानं रंगवायची. साहेबांच्या बंगल्यातल्या बायका न्यायच्या. उशीच्या अभ्र्यांना, पोरींच्या झग्यांना, भरतकामाच्या रुमालांना. तिच्या खिडकीत दोरीवर लेस वाळत असायची. त्या काळ्या-राखाडी चाळीत तेवढ्या खिडकीला रंग होता, आणि मी नळावर जाता-येता तिकडं बघायचे.

पहिल्यांदा तिच्याकडं गेले ती रंग शिकायला नाही. नळावर उभी होते, नाकातून रक्त येत होतं, पोलक्यावर पडत होतं. मी उन्हात तापलेल्या हंड्यातलं पाणी घेऊन डाग चोळायला लागले. मागून आवाज आला, "गार घे. उनउनीत पाण्यानं रक्त धाग्यात बसतं. गार पाणी आन् मीठ." मीठ तिनंच आणून दिलं. डाग गेला.

लोक म्हणतात रक्ताचा रंग जात नाही. जातो. वेळेवर हात लावला तर रक्ताइतका कच्चा रंग दुसरा नाही.

तिला हे कसं माहीत ते मी विचारलं नाही. तिच्या डाव्या कानाची पाळी खाली फाटून दोन झालेली होती. कुडी घातलेल्या कानाला हिसका बसला की तशी फाटते.

"उद्या दुपारी ये," ती म्हणाली. "माझं काम लई पडलंय. चुन्याचा हात नको, रंग बिघडतो, धुऊन ये."

मग मी जायला लागले. नवरा दिवसपाळीला असला की दुपार माझी. दुपारी चाळ झोपलेली असायची, लांबून गव्हाणीची घरघर यायची, आणि बाईच्या खोलीत स्टोव्हवर रंगाचं पाणी तापत असायचं. बारामतीच्या बाजारातून आणलेल्या पुड्या. कागद उघडला की भुकटी काळपट दिसायची, कुठला रंग ते कळायचंसुद्धा नाही. चिमूटभर गरम पाण्यात टाकली की वाटीत एकदम लाल धूर सुटायचा. हिरवा सगळ्यात उशिरा फुलायचा. पितळी वाट्यांची ओळ, प्रत्येकीत वेगळं पाणी, आणि मध्ये ही थाळी. थाळीत दमट लेस पसरायची. ब्रशचं टोक पाकळीच्या मध्यावर टेकवायचं आणि उचलायचं. रंग आपला आपण काठाकडं जातो. त्याच्या मागं पळायचं नाही, तो पोचेपर्यंत थांबायचं. मग काठाला दुसरा, जरा गडद. दोन रंग एकमेकांना भेटतात तिथं तिसरा होतो, तो आपण लावलेला नसतो. पहिल्यांदा तो झाला तेव्हा मी तोंडाला पदर लावून बसले होते.

बाई मऊ होती असं समजू नका. लाकडी फूटपट्टी जवळ असायची. रंग जाळीत उतरला की बोटांच्या पेरांवर बसायची. "पाकळी रंगव म्हटलं, हवा न्हवं!" घरी मार, इथंही मार. पण इथं का बसला ते कळायचं. त्यासाठी मी वाट्टेल तेवढा खाल्ला असता.

एकदा दंड काळानिळा घेऊन गेले. बाही वर सरकली तशी बाईनं माझा हात धरला. मला वाटलं आता काहीतरी माया करेल. ती म्हणाली, "थांब, हलू नको." माझा हात उजेडात ओढला, दंडावरचा जांभळा बघितला, वाटीत निळा घातला, थेंबभर लाल घातला, परत बघितला. "ह्याच्यात पिवळी कड हाय बघ. म्हणूनच माझं जांभळं फूल मेल्यागत दिसत होतं." त्या दिवशीची फुलं एका साहेबिणीच्या टेबलावरच्या रुमालाला लागली. तिनं म्हणे सगळ्यांना दाखवली, रंग किती खरा आलाय म्हणून.

मला राग आला का? नाही. मला हसू आलं, आणि बाईलाही आलं. दोघी स्टोव्हजवळ बसून हसत होतो, फाटलेला कान हलत होता.

साखरेची गोष्ट त्याच हंगामातली. डिंक संपला होता. डिंक नाही तर रंग पळणार. बाई साहेबांच्या बंगल्यावर गेली होती, आणि मी शहाणपण केलं. कारखान्याच्या गावात राहणारी बाई दुसरं काय करणार? घरात साखर होती. पाक केला, एकतारी, गार केला, रंगात घातला. रंग असा थांबला, जिथं टेकवला तिथंच. मी सहा हात लेस रंगवली, आयुष्यात तेवढं देखणं काम केलं नव्हतं. दोरीवर टाकली आणि नळावर गेले. परत आले तर लेस हलत होती. वारा नव्हता. भिंतीवरून, खिडकीच्या चौकटीवरून, दोरीवरून मुंग्यांची काळी रांग आणि प्रत्येक पाकळीवर गर्दी. बाईच्या पायांचा आवाज आला तेव्हा मी लेस झटकत होते, आणि चिकट पाकळ्यांना मेलेल्या मुंग्या तशाच लटकलेल्या. फूटपट्टी त्या दिवशी मोडली. माझ्या पाठीवर.

मोडलेले दोन तुकडे हातात धरून बाई म्हणाली, "पर रंग थांबला व्हता गं." आणि बसली.

त्यानंतरच्या थंडीत माझी उजव्या हाताची दोन बोटं मोडली. दारात. नवऱ्यानं दार लावलं आणि माझा हात चौकटीत होता. तो आवाज उसाचं कांडं मोडल्यासारखा आला, ओल्या उसाचं. कामासाठी घरी आणलेली बाईची थाळीही त्याच दिवशी भिंतीवर गेली, टवका तेव्हाचा आहे. मी सांगवीला माहेरी गेले. आबांनी, माझ्या वडलांनी, हाडवैद्याकडं नेऊन बोटांना पट्ट्या बांधल्या, चहा पाजला, म्हैस व्याल्याची बातमी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं भवानीनगरला आणून सोडलं. "नवरा-बायकूत व्हतंच," असं आबा माझ्या नवऱ्याला म्हणाले. मला नाही, त्याला. त्याची समजूत काढत होते.

बोटं वाकडीच बसली. ब्रश धरवेना. मला वाटलं, संपलं. बाईनं ब्रश माझ्या डाव्या हातात कोंबला. "ह्यो काय गहाण ठेवलायस व्हय?" महिनाभर मी डाव्या हातानं नुसती चिंधी रंगवत होते. पाकळीच्या बाहेर, आत, बाहेर. मग एक दिवस आतच.

तेवढ्यात लग्नाचं काम आलं. नवरीच्या शालूला नव्हे, रुखवतात मांडायच्या चादरीला. अकरा हात लेस, गुलाबी कमळं, हिरवी पानं. बाई म्हणाली, हे सगळं तू करायचं. हे झालं की मी तुला तिथं घेऊन जाईन आणि सांगेन की हिनं केलंय. असं आजवर माझ्याबद्दल कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

रंगवलेली लेस वाळली की शेवटी इस्त्री. त्याशिवाय रंग बसत नाही. बाईची पितळी इस्त्री होती, कोळशाची, जड. लेसवर ओलं धोतर टाकायचं आणि वर इस्त्री ठेवायची. "ठेवायची. घासायची न्हाय. घासलीस तर रंग सरकला. ठिवायची आन् धा मोजायचं. धाच्या आत उचललीस तर पयल्या धुण्यात उतरंल." इस्त्री ठेवली की धोतरातून वाफ निघायची, ओल्या सुताचा भाजका वास यायचा, आणि मी तोंडानं मोजायचे. उचलून बघितलं की रंग आतून उजळलेला असायचा.

शेवटचे दोन हात राहिले होते म्हणून इस्त्री मी आमच्या खोलीत आणली. दुपार. नवरा रातपाळी करून येऊन खाली पसरला होता, तोंडाला दारूचा वास. मी फळीवर लेस मांडली, धोतर टाकलं. तो उठून बसला. काही बोलला, काय ते आता आठवत नाही. मग लेसच्या टोकाला धरून ओढायला त्यानं हात फळीवर टाकला, उजवा, पंजा उघडा. मी तो हात बघितला. रोज बघायचे तो वर उठलेला असायचा. असा पालथा, स्वस्थ पडलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

मी इस्त्री ठेवली. घासली नाही.

एकाला त्याला कळलंच नाही. दोनाला तो ओरडला. माझा गुडघा त्याच्या कोपरावर होता आणि दोन्ही हातांचा भार इस्त्रीवर. तीन. चार. त्याचा दुसरा हात माझ्या केसांत होता. पाच. वास आला, सुताचा नव्हे. सहा झाले आणि त्यानं मला भिंतीवर फेकलं. निखारे खोलीभर उडाले. चाळ जागी झाली, पण दार आतून लावलेलं होतं, त्यानंच लावलं होतं.

संध्याकाळी त्याला दवाखान्यात नेल्यावर मी बाईकडं गेले. इस्त्री परत द्यायला. डोकं फुटलेलं होतं, पदर धरून बसले. बाईला कळलेलं होतं, सगळ्या भवानीनगरला कळलेलं होतं.

"घासली न्हाईस ना?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"किती मोजलंस?"

"सा."

तिनं उठून इस्त्री कोपऱ्यात ठेवली. मीठ आणि गार पाणी आणलं, माझं पोलकं उतरवून भिजत घातलं.

"सा म्हंजी कच्चं ऱ्हायलं," ती म्हणाली.

तिचं खरं झालं. दोन वर्षं त्यानं मला बोट लावलं नाही. त्या हाताची बोटं आत वळून बसली होती. मग त्याचा डावा हात तयार झाला. डाव्या हाताचा मार हलका असतो, एवढाच फायदा. पुढं आम्ही निमगावला आलो, जमीन कसली, पोरं झाली. जेवायला बसलो की तोही डाव्या हातानं जेवायचा, मीही. पाहुणे बघत राहायचे. पोरांना वाटायचं आईबाप दोघंही डावरेच. आणि त्याच डाव्या हातानं मी सुरेशलाही झोडपलंय, पुष्कळ वेळा, तेही सांगून टाकते. नवरा मेला त्याला बारा वर्षं झाली. मी रडले नाही.

अकरा हात लेस निखाऱ्यांनी जागोजागी जळाली. लग्नघरी बाईनं दुसरी दिली, तिची. माझ्याबद्दल तिला कुणाला सांगता आलं नाही. पुढच्या हंगामाआधी ती खोली सोडून कुठं गेली, कोणी सांगितलं नाही. खिडकीत दोरी तेवढी राहिली होती. थाळी तिनं माझ्या दारात ठेवली होती, पालथी.

हे सगळं मी ऋतुजाला परवा सांगितलं. असं सलग नाही. ती थाळीत लेस पसरत होती, मी मधून मधून "थांब, त्याच्या मागं पळू नको" म्हणत होते, आणि मधल्या मधल्या वेळात. सहा हातांची लेस होती. पहिली दोन फुलं मीच रंगवली, डाव्या हातानं. हात थरथरतो आता, पण टेकवून उचलायला थरथर आड येत नाही.

"मला वाटायचं तू डावखुरीच आहेस," ती म्हणाली.

"तुझा बाप पण तसंच समजायचा."

"आजी, तुला भीती नाही वाटली?"

"लई वाटली. म्हणून तर साच मोजलं."

ती हसली नाही. तिनं जांभळा रंग कालवला, मनगटाची बाही वर केली, बघितलं, आणि वाटीत पिवळ्याचा थेंब टाकला. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं, म्हणजे सांगितलं होतं, पण कर असं म्हटलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर निलेशराव आले. आंब्याची पेटी घेऊन. माझ्या पाया पडले. हात स्वच्छ, नखं कापलेली, मनगटावर मोठं घड्याळ. सुरेश पुढं-पुढं करत होता. सुनेनं ताटं घेतली होती. ऋतुजा जमिनीवर ब्लँकेटची घडी घालून बसली होती. त्यावर लेस, लेसवर ओलं फडकं, हातात इस्त्री. विजेची, हलकी, पण तापलेली.

"चल, आवर. आत्ता निघू, जेवण नको," तो उभ्या उभ्या म्हणाला. आवाज गोड होता.

"थांब जरा. इस्त्री चाललीय."

"राहू दे गं ते. दुकानात दहा रुपये मीटर मिळती असली."

"थांब म्हटलं ना."

तो खाली वाकला आणि लेसचं मोकळं टोक त्यानं धरलं. हात ब्लँकेटवर टेकला. उजवा.

मी बाजेवर होते. मला काही करता आलं नसतं, आणि करायचंही नव्हतं. मी फक्त त्या हाताकडं बघत होते. ऋतुजाही बघत होती. तिनं इस्त्री उचलली आणि फडक्यावर ठेवली, त्याच्या बोटांपासून वीतभर लांब.

"एक," ती मोठ्यानं म्हणाली.

वाफ निघाली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"दोन. तीन."

"काय चाललंय?" त्यानं सुरेशकडं बघितलं. सुरेश माझ्याकडं बघत होता. बऱ्याच वर्षांनी.

"चार. पाच."

तिनं मान वर केली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत पुढचा आकडा म्हटला. सहा. त्यानं हात काढून घेतला, आपला आपण, चटका बसल्यासारखा. मला वाटलं आता उचलेल ही. तिनं उचलली नाही. सात. आठ. दोन्ही बाह्या वर होत्या, दंड उघडे होते, सगळ्यांसमोर, हिरवे-पिवळे. सुनेला ते दारातून दिसले. तिच्या हातात उलथनं होतं. नऊ.

दहा.

इस्त्री उचलून तिनं बाजूला उभी केली, फडकं काढलं, आणि लेस बघत म्हणाली, "मी येत नाही, निलेश."

"म्हणजे? आज नाही?"

"येत नाही."

तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. आवाज गोड राहिला नव्हता. एक पाऊल त्यानं पुढं टाकलं, आणि माझी सून, जी पंचवीस वर्षांत कुणाला ओरडून बोलली नाही, उलथनं घेऊन मधे येऊन उभी राहिली. सुरेश म्हणाला, "निलेशराव, तुमी आता निघा." हळू म्हणाला, पण म्हणाला. मोटारसायकलचा आवाज बारामतीच्या रस्त्याला लागून विरेपर्यंत कुणी बसलं नाही.

मग आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या. आंब्याची पेटी सुरेशनं कोपऱ्यात ढकलली, तिला कुणी हात लावला नाही, रात्रीपर्यंत घरभर वास सुटला.

लेस थाळीत घडी करून ठेवली आहे. जांभळी फुलं चांगली आलीत, कडेला पिवळट झाक आहे. आज दोन दिवस झाले. काल त्याची आई येऊन रडून गेली. उद्या त्याचे मामा येणार आहेत, चार माणसं घेऊन, समजूत घालायला. सुरेश सकाळपासून अंगणात फेऱ्या घालतोय. ऋतुजा मला विचारत होती, आजी, रंग पक्का झाला असेल ना?

दहा मोजलेत, मी म्हटलं. पण ते पहिल्या धुण्यात कळतं. पहिलं धुणं अजून व्हायचंय.